डोळे मिटून तिळापर्यंत

शालिकरामला कोणी कंपाउंडर म्हटलं की त्याच्या अंगाचा तिळपापड होत असे. बाटलीला कागदाची पट्टी चिकटवून वर 'हलवून घेणे' लिहितो तो कंपाउंडर, असं त्याचं म्हणणं. आपण डोळ्यांच्या डॉक्टरांचे असिस्टंट. अमरावतीत अंबागेटाच्या आत डॉक्टर उत्तमराव मोहोडांचा दवाखाना होता आणि सकाळी दार उघडायच्या आधीच ओट्यावर निम्मा वऱ्हाड डोळे चोळत बसलेला असायचा. बाहुली मोठी करायचे थेंब टाकणं, पापणी उलटून खुपऱ्या घासणं, पट्ट्या बांधणं आणि पट्ट्या सोडणं, एवढं सगळं शालिकराम करी. डॉक्टर फक्त आतल्या अंधाऱ्या खोलीत बसत आणि कापत. तरी लोक बाहेर जाऊन सांगत, कंपाउंडर बरा आहे बिचारा.

त्याचं खरं दुखणं होतं अक्षरांची पाटी. समोरच्या भिंतीवर ती टांगलेली असे, वर मोठं अक्षर, खाली बारीक बारीक होत गेलेली. ज्याला जितक्या ओळी वाचता येतील तितकी त्याची नजर. हिशेब साधा होता, पण ज्यांनी ही पाटी काढली त्यांनी वऱ्हाडातला शेतकरी पाहिला नसावा. शालिकराम विचारी, काय दिसतं? पेशंट म्हणे, अक्षर दिसते. कोणतं अक्षर? तर उत्तर येई, "ते मले बापानं शायेत घातलं असतं तं सांगतलं असतं." न दिसणारा आणि न शिकलेला, दोघांचं उत्तर एकच. अशाने डोळा तपासला जातो की तालुक्याचं शिक्षण, हे शालिकरामला कळेनासं झालं होतं.

त्यात घरचा प्रश्न निघाला, आणि तो मात्र हसण्यावारी न्यायचा नव्हता. शालिकरामच्या सासूबाई मनकर्णाबाई बार्शीटाकळीला राहत. स्वतःचा फुलांचा मळा, झेंडू-शेवंती काढायची आणि अकोल्याच्या बाजारात नेऊन विकायची. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकून पांढरा झाला होता, तो रस्त्याने जाणाऱ्यालाही दिसत होता. दिसत नव्हता तो एकट्या मनकर्णाबाईंना. मळ्यातली विहीर बिनकठड्याची. गेल्या महिन्यात तिच्या काठावरून त्यांचा पाय घसरला; गड्याने लुगड्याचा पदर धरला म्हणून निभावलं. शकुनने, म्हणजे शालिकरामच्या बायकोने, ही बातमी ऐकली तेव्हापासून तिने नवऱ्याचा पिच्छा सोडला नव्हता. "जगाचे डोये पाहून राहिले तुमी," ती म्हणाली, "अन् माही माय विहिरीच्या काठावर चाचपडून राहिली."

मनकर्णाबाईंना आग्रह करकरून अमरावतीला आणलं. बडनेऱ्याला गाडी बदलताना त्यांनी हमालालाच जावई समजून खुशाली विचारली. घरी आल्यावर खांबाला हळदीकुंकू लावलं, खुंटीवरच्या कोटाला बसा म्हटलं आणि शकुनने हे दाखवून दिलं तेव्हा, अमरावतीचा उजेडच पातळ आहे, आमच्याकडे असा नसतो, असं शांतपणे सांगितलं. हार मात्र असा ओवीत की डोळसाने मान खाली घालावी. बोटांनाच डोळे होते. ऑपरेशनचं नाव काढलं की त्या भडकत. शकुनने एकदा फारच धरलं तेव्हा म्हणाल्या, "आंधयी म्हनून एकदा बसवलं का मानसाले, मंग त्याले कोनी उठू देत नाई. मळा दिरायच्या हातात जाते अन् आपन वट्यावर." शालिकरामला यावर उत्तर सुचलं, पण ते त्याने दिलं नाही, कारण जावयाने सासूशी वाद घालायचा नसतो आणि ही सासू तर अशी की वादात जिंकून वर जावयाला झेंडूचा हार घालेल.

शेवटी मनकर्णाबाईंनीच तोड काढली. गल्लीतल्या सगळ्यांसमोर, अंबादेवीची शपथ घेऊन त्यांनी सांगितलं की आपण त्या दवाखान्यातल्या पाटीसमोर उभ्या राहू. नापास झालो तर डोळा कापा, तोंडातून शब्द काढणार नाही. पास झालो तर या घरात पुन्हा मोतीबिंदूचं नाव निघता कामा नये. पण अक्षरं त्यांना येत नव्हती. ती नाही वाचली तर तो डोळ्याचा दोष धरायचा नाही, हेही त्यांनी आधीच वदवून घेतलं. बाई बाजारात वाढलेली, अटी पक्क्या करून घेणारच.

म्हणून शालिकरामने चित्रांची पाटी काढायचं ठरवलं. अक्षरांऐवजी चित्रं, जी कुणालाही ओळखता येतील. डॉक्टरांनी मान डोलावली. शेजारचे नत्थुजी, पेन्शनीत निघालेले पटवारी आणि गल्लीच्या भजनी मंडळाचे म्होरके, यांनी सल्ला दिला. नत्थुजी सल्ला देताना डोळे पुसत, कारण त्यांच्या डोळ्यांना बारा महिने पाणी होतं आणि थेंब घालून घ्यायला ते रोज दवाखान्यात हजर असत. पाटी वऱ्हाडी पाहिजे, ते म्हणाले. शेतकऱ्याला शेतीतलंच दाखवावं. अशी यादी ठरली: बैल, नांगर, विळा, कापसाचं बोंड, संत्रं. काम दिलं चंद्रभान पेंटरला. हा माणूस नाटकाचे पडदे आणि बैलगाड्यांच्या पाट्या रंगवी, आणि वेळेवर काम देणं हा कलेचा अपमान आहे असं मानी.

चंद्रभानने पाटी आणली ती अर्धा उन्हाळा उलटल्यावर, आणि तिच्यात दोन सुधारणा स्वतःच्या अकलेने करून. एक तर सर्वांत वर, सर्वांत मोठा, त्याने गणपती काढला होता. गणपतीशिवाय मी ब्रश बुडवत नाही, तो म्हणाला. दुसरी सुधारणा तळाशी. वरून खाली चित्रं लहान होत जायची म्हणजे खाली वस्तूही लहान पाहिजेत, असा तर्क लढवून त्याने शेवटच्या दोन ओळींत एक मुंगी आणि एक तीळ काढला होता. तीळ तिळाएवढाच होता. डॉक्टरांनी पाटीपासून ठरलेल्या अंतरावर उभं राहून पाहिलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि आत निघून गेले.

पहिल्याच दिवशी गणपतीने घोटाळा केला. बेंचावर बसलेला पेशंट पाटीकडे पाहायचा, पागोटं काढायचा, हात जोडायचा आणि भक्तिभावाने डोळे मिटून घ्यायचा. शालिकराम म्हणे, डोळे उघडा. पेशंट एक डोळा किलकिला करून विचारी, देवासमोर? बायकांचा प्रकार तर विचारायलाच नको. त्यांनी दुसऱ्या दिवसापासून फुलं आणली, तिसऱ्या दिवशी कुणी नारळ फोडला. बाहुली मोठी करायच्या थेंबांना लोक तीर्थ म्हणू लागले आणि टाकून झाल्यावर ओला हात डोक्यावरून फिरवू लागले.

याच सुमारास म्युनिसिपालिटीतला एक कारकून आलेल्या डोळ्यांना औषध घ्यायला आला. एका डोळ्याने त्याला पुरेसं दिसलं. आठवडा संपायच्या आत शिपाई नोटीस घेऊन आला, की सदर जागी दवाखाना आहे की देवस्थान याचा खुलासा व्हावा. दवाखाना असल्यास नारळाच्या करवंट्या गटारात का, आणि देवस्थान असल्यास रोगी माणसं गाभाऱ्यात का. शालिकरामने कचेरीच्या बाकावर दुपारी काढल्या. तिथे त्याला कोण आपण विचारलं, तर त्याने असिस्टंट म्हणून सांगितलं आणि शिपायाने आत जाऊन वर्दी दिली, कंपाउंडर आलाय. शेवटी मोठ्या साहेबांनी तोडगा सांगितला, देव पुसून टाका. चंद्रभानला विचारलं तर तो म्हणाला, मी देव काढतो, पुसत नाही. पुसणारा माणूस वेगळा शोधा. असा माणूस अमरावतीत मिळेना. तेव्हा तो कागद अभिप्रायासाठी नागपूरला सरकारकडे गेला, आणि नागपूरला गेलेला कागद परत आलेला वऱ्हाडात कोणी पाहिला नसल्यामुळे तो प्रश्न तिथेच सुटला.

बैलाचा प्रश्न मात्र सुटेना. शालिकराम काडी बैलावर टेकवून विचारी, हे काय दिसतं, आणि शेतकरी पुढे झुकून बराच वेळ पाहात राही. मग म्हणे, मागचा डावा पाय आखूड आहे. दुसरा म्हणे, शिंगं गवळाऊची अन् वशिंड भलत्याच जातीचं. हा कोणाच्या गोठ्यातला? दर्यापूरकडचा एकजण म्हणाला की असला बैल फुकट दिला तरी दावणीला बांधणार नाही, आणि रागाने न तपासताच निघून गेला. तपासणी राहिली बाजूला, ओट्यावर बैलबाजार भरू लागला. हे चंद्रभानच्या कानावर गेलं तेव्हा तो फार दुखावला. पाय दुरुस्त करायला सोमवारी पाटी घेऊन जातो म्हणाला. चंद्रभानचा सोमवार कुठल्या महिन्यातला ते त्यालाच ठाऊक, म्हणून शालिकरामने तिकडे लक्ष दिलं नाही.

लक्ष द्यायला दुसरंच काही उभं राहिलं होतं. सगळे पास होऊ लागले. धड दार न दिसणारी माणसं, चौकटीवर डोकं आपटून आत येणारी, बेंचावर बसत आणि गणपतीपासून तिळापर्यंत धडाधड म्हणून दाखवत. डॉक्टर पेशंटच्या डोळ्यात पाहात, तिथे मोतीबिंदू चांगला मोगऱ्यासारखा फुललेला. आणि शालिकराम सांगे, तीळ वाचला. "शालिकराम," डॉक्टर एकदा म्हणाले, "तो तीळ मला अजून दिसलेला नाही."

कारण शोधायला फार लांब जावं लागलं नाही. पाटी एकच, क्रम एकच, आणि ओट्यावर बसलेली माणसं दिवसभर तेच ऐकत होती. वऱ्हाडात कुणी परीक्षेला बसला आणि अडला, तर शेजाऱ्याने सांगायचं नाही म्हणजे माणुसकीलाच काळिमा. कुणी संत्र्याशी अडखळला की मागून पाच जण हळूच म्हणत, संत्रं म्हण, संत्रं. आणि हे सगळं नत्थुजींसारख्या भजनी माणसाच्या कानावर रोज पडत होतं. थेंब घालून डोळे मिटून बसायचं, दुसरा उद्योग नाही. त्यांनी त्याला चाल लावली. 'गणपती बैल, नांगर विळा. बोंड संत्रं, मुंगी तिळा.' ठेकाही असा धरला की पाय आपोआप हलावा. आठ दिवसांत ओटा एका सुरात म्हणू लागला. शालिकरामने जाब विचारला तेव्हा नत्थुजी उलट त्याच्यावरच उखडले. "लोकं पास होऊन राहिले तं तुमच्या पोटात काहून दुखते?" ते म्हणाले. "पास होनं वाईट असते काय?"

तेव्हा शालिकरामने शाळामास्तरांची युक्ती काढली. पाटीकडे पाठ करायची आणि तोंड पेशंटांकडे. कोण ओठ हलवतो, कोण खुणा करतो, सगळ्यांवर नजर. हातातली काडी पाठीमागे पाटीवर नेमकी टेकवण्याचा सरावही त्याला झाला. कुठे बोंड, कुठे विळा, न पाहता कळे. आपल्या या कौशल्याचा त्याला थोडा अभिमानही वाटू लागला होता, हे खोटं कशाला सांगा.

पाटीचा घोळ निस्तरेपर्यंत लेकीकडेच राहिलेल्या मनकर्णाबाई आपली पाळी यायच्या आधी दोन-चार दिवस दवाखान्यात नुसत्याच येऊन बसत होत्या. जावयाचं काम पाहते, असं त्यांनी शकुनला सांगितलं होतं. पाहणं हा शब्द ऐकून शकुन त्यांना रोज हात धरून ओट्यापर्यंत सोडून येई. बाई नत्थुजींशेजारी बसत, मांडीवर परडी, हातात सुईदोरा. हार लांबत जाई आणि त्यांचे ओठ बारीक हलत राहात.

परीक्षेचा दिवस उजाडला तो शनिवारचा. मनकर्णाबाई इरकली लुगडं नेसून आल्या. ओटा भरून माणसं आत दाटली होती, कारण पैज गल्लीसमोर लागलेली. शकुन दारात उभी राहिली, पदराचं टोक तोंडात धरून. शालिकरामने सकाळपासून बरेच पेशंट हातावेगळे केले होते, सगळे पास. या एका बाईला तरी नापास होऊ दे, अशी त्याने मनातल्या मनात गणपतीलाच प्रार्थना केली. मग त्याने दम भरला की कुणी ओठ हलवला तर त्याला दारातून बाहेर काढीन, आणि पाटीकडे पाठ करून काडी मागे उचलली.

कुणी ओठ हलवला नाही. हलवायची गरजही नव्हती. मनकर्णाबाईंनी हात जोडले, डोळे मिटले, मग उघडले आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली. गणपती. बैल, आणि वर स्वतःहून जोडलं, पाय अजून आखूडच आहे. नांगर, विळा. काडी सरकत होती, बाई म्हणत होत्या. बोंड, संत्रं, मुंगी. शेवटी काडी टेकायच्याही आधी त्या तिळावर येऊन थांबल्या आणि विजयाने हसल्या.

हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. पण तो हॉलच्या अर्ध्याच भागातून झाला. उरलेली माणसं तोंड उघडं टाकून बसली होती, कुणी खाली पाहात होतं, आणि दारातली शकुन रडत होती. गलका ऐकून डॉक्टर बाहेर आले. त्यांनी शालिकरामच्या खांद्यावरून भिंतीकडे पाहिलं, मग टाळ्या वाजवणाऱ्यांकडे पाहिलं.

"ज्यांनी टाळ्या वाजवल्या," ते शांतपणे म्हणाले, "त्या सगळ्यांनी या बाजूला येऊन बसा. तुमची तपासणी झाली."

शालिकरामने तेव्हा मागे वळून पाहिलं. भिंतीवर एक खिळा होता आणि खिळ्याखाली पाटीच्या आकाराचा पांढरा चौकोन. मागाहून कळलं की चंद्रभान पेंटर आयुष्यात पहिल्यांदाच ठरल्या वेळेच्या आधी आला होता. बैलाच्या पायाने त्याला झोप लागू दिली नव्हती. पहाटे झाडणाऱ्या बाईकडून दार उघडून घेऊन तो पाटी काखोटीला मारून गेला होता. म्हणजे सकाळपासून शालिकराम कोऱ्या भिंतीवर काडी फिरवत होता आणि लोकांना तिळापर्यंत पास करत होता. ज्यांना दिसत होतं ते का बोलले नाहीत? एकाने नंतर सांगितलं, त्यांना वाटलं ही नवी पद्धत असेल, शिकलेल्या माणसाला कशाला टोका.

"बोला जवाईबापू," मनकर्णाबाई म्हणाल्या. त्यांना टाळ्या ऐकू आल्या होत्या, पण त्या अर्ध्याच का हे त्यांच्या कानांना खटकलं होतं. "पास का नापास?"

शालिकरामने हीच घडी इतके दिवस मागितली होती. आता ती हातात आली तर त्याला तिचा आनंद होईना. सगळी गल्ली समोर बसली होती आणि त्यात ही बाई, कधी कुणासमोर मान खाली न घातलेली. पास म्हटलं तर कुणीही त्याला खोटं पाडलं नसतं. पण त्याला ती विहीर दिसली, आणि पुढच्या खेपेला गड्याच्या हातातून सुटणारा पदर दिसला. तो काडी खाली ठेवून त्यांच्या शेजारी बेंचावर बसला.

"मामी," तो हळू म्हणाला, "भितीवर पाटीच नाई. सकायपासून नाई."

परडीतला हार मनकर्णाबाईंनी मुठीत घट्ट धरला. मग त्यांचा चेहरा हळूहळू जावयाच्या आवाजाकडे वळला.

"मंग तुमी काडी कायवर फिरवून राहिले होते?"

शालिकरामकडे या प्रश्नाला एकच उत्तर होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच आपण असिस्टंट की कंपाउंडर हे त्याच्या मनातही आलं नाही.

"मलेही दिसलं नाई, मामी."

मग मनकर्णाबाईंच्या खांद्यांना हिसका बसला. त्या रडताहेत असं वाटून शकुन धावत आली, पण बाई हसत होत्या, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. हसू ओसरलं तशा त्या उठल्या आणि चाचपडण्यासाठी हात भिंतीकडे गेला होता तो मध्येच थांबवून त्यांनी जावयापुढे केला.

"हरली मी. शपथ म्हंजे शपथ," त्या म्हणाल्या. "चाला आत. पन डॉक्टरले म्हना, खाटा दोन टाका. एक माही, एक जवाईबापूची."